पारो आणि मेजर गिल : दंतकथेमागचा संसार

जळगाव : अजिंठा लेणी पाहण्यासाठी जळगाव स्थानकावर उतरलेल्या पर्यटकाला लेण्यांपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच एक प्रेमकथा ऐकायला मिळते. चित्रे काढायला आलेला गोरा साहेब, डोंगरातली पारो, तिने पाना-फुलांपासून त्याला करून दिलेले रंग आणि तिचा अकाली मृत्यू. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्याने ही कथा घरोघरी नेली आणि नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये तिचा चित्रपट केला. कथा ऐकणाऱ्याच्या मनात मग एक साधा प्रश्न येतो. यातले खरे किती?

साहेब खरा, पारोही खरी. दोघांच्याही कबरी आपल्या परिसरात आहेत. मात्र त्यांच्या संसाराचे चित्र दंतकथेपेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे.

मद्रासच्या लष्करातील इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने वाघूरच्या खोऱ्यात आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचे नाव व तारीख कोरून गेला. बाहेरच्या जगाला अजिंठ्याची ओळख झाली ती तेव्हापासून. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. ही चित्रे नष्ट होत आहेत, निदान त्यांच्या प्रतिकृती तरी करून ठेवा, असा आग्रह त्यानंतर कंपनी सरकारकडे धरण्यात आला. सरकारने १८४४ मध्ये या कामासाठी मद्रास लष्करातल्याच रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची निवड केली. तेव्हा तो चाळिशीला पोहोचला होता. शिवाय तो विवाहित होता, हा तपशील प्रेमकथा सांगणारे बहुधा गाळतात.

गिलने मुक्काम ठोकला तो अजिंठा गावातल्या बारादरीत. गाव घाटमाथ्यावर आणि लेणी घाटाखालच्या दरीत, त्यामुळे कामावर जायचे म्हणजे रोज घाट उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. गाव आणि लेणी दोन्ही निजामाच्या राज्यात होती. डोंगराच्या उत्तरेला कंपनीचा खानदेश लागत असे. जळगाव जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. संपूर्ण खानदेशाचा कारभार धुळ्याहून चाले. म्हणजे कंपनीच्या पगारावरचा हा माणूस कंपनीच्या मुलखाला लागून, पण परक्या राज्यात राहत होता. भाषा, अन्न, हवा, सगळेच परके. काम तर विलक्षण कष्टाचे. लेण्यांच्या आत अंधार, भिंतींवर शतकानुशतकांचा धूर आणि वटवाघळांची घाण. बाहेरून येईल तेवढ्या उजेडात मूळ रेषा शोधायच्या आणि तैलरंगांनी भल्यामोठ्या कापडावर उतरवायच्या. पुढची सुमारे अठरा वर्षे हे काम चालले.

या एकाकी दिनक्रमात पारो त्याच्या आयुष्यात आली. ती कोळी समाजाची, असे काही सांगतात. काही तिला भिल्ल म्हणतात. तिच्या अस्तित्वाचा पक्का पुरावा म्हणजे अजिंठा गावातील तिची कबर. २३ मे १८५६ हा तिच्या मृत्यूचा दिवस त्या दगडावर कोरलेला आहे आणि तिचा उल्लेख 'प्रिय' असा केलेला आहे. ज्याने खानदेशातला मे महिना अनुभवला आहे त्याला ते दिवस कसे असतील हे वेगळे सांगायला नको.

त्या दगडावरच्या 'प्रिय' या शब्दाचे मोल कळण्यासाठी त्या काळाची रीत पाहायला हवी. अठराव्या शतकात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानी स्त्रीबरोबर घर मांडणे सर्रास चाले. अशा स्त्रीला 'बीबी' म्हणत. अधिकारी आपल्या मृत्युपत्रांत या स्त्रियांची आणि त्यांच्या मुलांची सोय लावून ठेवत. नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी थॉमस विल्यमसन याने १८१० मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात अशा बीबीच्या खर्चाचाही उघड हिशेब होता. त्याच पुस्तकाच्या १८२५ च्या आवृत्तीतून हा मजकूर वगळण्यात आला. आगबोटी आल्या, विलायतेहून मडमा येऊ लागल्या, मिशनऱ्यांचा प्रभाव वाढला आणि जे राजरोस होते ते लाजिरवाणे ठरले. गिल अजिंठ्यात आला तोवर हा बदल पुरता झाला होता. बीबी कायदेशीर पत्नी नसल्याने साहेबाच्या माघारी तिचा निवृत्तिवेतनावर हक्क नसे. ज्या काळात अधिकारी असे संबंध झाकून ठेवत होते, त्या काळात गिलने तिचे नाव दगडावर कोरले. मग त्याच्या पत्नीने हे कसे सोसले असेल, हाही प्रश्न उरतोच. दंतकथेत मात्र त्या बाईला जागा नाही.

पारो रंग करून देत असे, ही गोष्ट ऐकायला गोड आहे. तिच्यावर फार विसंबू नये. गिलच्या दिनक्रमाची विश्वासार्ह साक्ष देतात ती त्याची छायाचित्रे. १८५० च्या दशकात त्याने कॅमेरा हाती घेतला आणि लेणीच नव्हे, तर आजूबाजूचा मुलूखही पालथा घातला. लोणारच्या मंदिरांपर्यंत त्याची भटकंती होती. एकाच दृश्याची किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवून भिंगातून पाहिली की खोली जाणवते, त्या 'स्टिरिओस्कोप' तंत्राची छायाचित्रेही त्याने काढली. फर्ग्युसनने १८६४ मध्ये गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके काढली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे आहेत. दुसऱ्यात १०० स्टिरिओ चित्रे असून वास्तूंच्या जोडीला शिकार केलेली जनावरेही आहेत. गिल नामांकित शिकारी होता. डोंगरातल्या त्याच्या फेरफटक्यांत बंदूक आणि कॅमेरा दोन्ही बरोबर असत.

चित्रांचे पुढे काय झाले, ही खरी शोकांतिका. गिलच्या प्रतिकृती टप्प्याटप्प्याने लंडनला गेल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. मोजक्या वाचल्या त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अठरा वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली, तेव्हा गिल साठी ओलांडलेला होता आणि पारोला जाऊन दहा वर्षे झाली होती. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधील आगीत गेल्या. अजिंठ्याच्या भिंती मात्र अजून उभ्या आहेत!

आगीनंतरही गिलने हा प्रदेश सोडला नाही. विलायतेला परतून पेन्शनीत निघणाऱ्यांच्या त्या जमान्यात तो इथेच राहिला आणि १० एप्रिल १८७९ रोजी वारला. त्याला भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आले. रेल्वे आल्यापासून भुसावळात गोऱ्यांची वस्ती वाढली होती.

ही कथा मराठी वाचकांपर्यंत पोहोचवणारे दोघेही आता नाहीत. देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी गेले आणि दुसऱ्याच दिवशी महानोर. ज्यांना कथेतली माणसे प्रत्यक्ष 'भेटायची' असतील त्यांनी लेण्यांवरून परतताना घाट चढून आधी अजिंठा गावात जावे. तिथून फर्दापूर, पहूर, जामनेर या रस्त्याने भुसावळ गाठता येते.