जांघेतले अवधाण काय सांगते?

तळपायाला खिळा लागून जखम चिघळली, की एक-दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. जुनी माणसे तिला ‘अवधाण’ म्हणतात. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, असे का व्हावे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचे मर्म दडलेले आहे.

केशवाहिन्यांच्या पातळ भिंतींतून रक्तातील द्रव सतत झिरपत असतो. तो पेशींना अन्न व प्राणवायू पोहोचवतो. त्यातला जो भाग थेट रक्तात परतत नाही, तो लसिकावाहिन्यांचे जाळे गोळा करते. या द्रवाला लसिका म्हणतात. दिवसाकाठी अशी दोन ते चार लिटर लसिका गळ्याच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांत येऊन पुन्हा रक्तात मिसळते. तिला ढकलण्यासाठी हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांच्या बळावर ती पुढे सरकते. वाहिन्यांमधील झडपा तिला मागे येऊ देत नाहीत.

लसिकेबरोबर जंतू आणि मृत पेशीही वाहत येतात. ते रक्तात शिरू नयेत म्हणून वाटेत लसिकाग्रंथींच्या चौक्या बसविलेल्या आहेत. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या अशा सुमारे ६०० ग्रंथी मान, काख, जांघ, छाती व पोट या भागांत विखुरलेल्या असतात. पायाकडील लसिका जांघेतील ग्रंथींतून जाते, हाताकडील काखेतून. म्हणूनच तळपायाच्या जखमेची वर्दी जांघेत पोहोचते.

ही वर्दी नेण्याचे काम डेंड्रायटिक पेशी करतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचा शोध जाहीर केला. २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी जंतूचे तुकडे घेऊन ग्रंथीत येतात आणि तेथील ‘टी’ पेशींना दाखवतात. असंख्य पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा ओळखता येतो, त्यांचीच झपाट्याने वाढ होते. त्यांच्या मदतीने ‘बी’ पेशी प्रतिपिंडे तयार करू लागतात. पेशींच्या या गर्दीमुळे ग्रंथी फुगते व दुखते. जंतू नवा असेल तर या तयारीला काही दिवस लागतात. पण लढाई संपल्यावर काही पेशी त्या जंतूची आठवण जपून राहतात आणि पुढच्या वेळी प्रतिकार लवकर होतो. लसीकरणाचे तत्त्व हेच.

चौकी नेहमीच टिकते असे नाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगचे जंतू पिसवांच्या चाव्यातून ग्रंथींत पोहोचत आणि तेथेच वाढत. जांघेत व काखेत येणाऱ्या गाठींवरूनच या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. विदर्भाला जुनी ओळख असलेल्या हत्तीरोगात डासांमार्फत शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांतच ठाण मांडतात. वाहिन्या निकामी होतात, लसिका साचते आणि पाय सुजत जातो.

गाठ दिसताच कर्करोगाच्या भीतीने हबकून जाणे जसे चुकीचे, तसेच महिनोन्‌महिने ती अंगावर काढणेही चुकीचे. जखम किंवा घसादुखी बरी होताच ओसरणारी दुखरी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. परंतु न दुखणारी, टणक, वाढत जाणारी किंवा हाडाच्या वर गळ्याच्या तळाशी आलेली गाठ डॉक्टरांना लगेच दाखवावी. तीन-चार आठवड्यांत न ओसरणाऱ्या गाठीचेही तसेच. सोबत बारीक ताप, रात्रीचा घाम वा वजनात घट असेल, तर विलंब नको. पूर्वी ‘गंडमाळा’ म्हणून ओळखला जाणारा मानेतील ग्रंथींचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो. लसिकाग्रंथींचा कर्करोगही सुरुवातीला असाच गुपचूप वाढतो. सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीतून निदानाची दिशा मिळते, गरज भासल्यास ग्रंथीचा तुकडा काढून तपासतात. ग्रंथींचा क्षयरोग सहसा सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो.

घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेऊन किंवा गाठ चोळून मात्र काहीच साधत नाही. आजाराचे मूळ तसेच राहते आणि निदान लांबते. अवधाण हा स्वतः रोग नव्हे. ती चौकीवरून आलेली वर्दी आहे. ती कशाची, हे वेळीच पाहिले पाहिजे.