कलिन्यातली सूचना पाड्यावर कशी पोचते

जव्हारचे गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि मोखाड्याचे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठ १८५७ सालचे. त्याचा परीक्षा विभाग कलिन्याला. मधे घाट, आणि या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. म्हणून इथल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर घरांतल्या मुलांपर्यंत परीक्षा अर्जाची तारीख कशी पोचते, हे नीट पाहायला हवे.

परिपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढते. महाविद्यालयाचे कार्यालय ते उतरवून घेते, प्राध्यापक ते वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतात. इथवर सगळे मिनिटांत होते. खरी वाट पुढे सुरू होते.

परिपत्रक बहुधा सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले असते. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. एका पानाचा सहज एक एमबी होतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला, तर देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. हजार चिन्हांची सूचना तीन केबीत बसते, म्हणजे स्कॅनच्या तीनशेव्या हिश्श्याहूनही थोडी कमी. डोंगराआडच्या पाड्यावर रेंज येत-जात असते. तिथे तीन केबी निघून जातात, एक एमबी मात्र गोल फिरत राहते.

मुलाचा फोन बंद असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर निरोप ३० दिवस सांभाळतो, मग काढून टाकतो. पाठवणाऱ्याला तोवर एकच टिक दिसते. भातकापणीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्या काळात घरातला एकुलता फोन कोणाकडे आहे, हे ती टिक सांगत नाही. दोन टिक म्हणजेही निरोप फोनवर पोचला, एवढेच. मुलीने तो वाचला असे नव्हे. वर्गशिक्षकाने एकच टिक दिसणाऱ्या मुलांची यादी काढून त्यांच्या गावच्या मुलांकडे तोंडी निरोप धाडावा, हे मला सर्वांत मोलाचे काम वाटते.

साधा एसएमएस अशा ठिकाणी जास्त टिकाव धरतो. त्याला इंटरनेट लागत नाही; फोन आणि टॉवर एकमेकांशी ज्या नियंत्रण वाहिनीवर बोलतात, तिच्यावरूनच तो जातो. फोन रेंजबाहेर असला तर मोबाइल कंपनीचे एसएमएस केंद्र तो साठवून ठेवते आणि मुदत संपेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. बटणाच्या फोनवरही तो वाचता येतो. मर्यादा एकच, पण कडक: एका एसएमएसमध्ये १४० बाइट. इंग्रजीची १६० अक्षरे त्यात मावतात, देवनागरीची ७०, कारण इथे एका चिन्हाला दोन बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते, म्हणून ‘मोखाडा’ दिसायला तीन अक्षरी, पण मोजणीत सहा. मजकूर ७० च्या पुढे गेला की तुकडे पडतात. एखादा अडकला की निरोप अर्धवट राहतो.

संस्थेला एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. तो सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवावा, तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवून. ऐन मुदतीत ते जमत नाही. साचा साधारण असा: ‘परीक्षा अर्ज: शेवटचा दिवस १४ ऑक्टोबर. कार्यालयात या, १० ते ४.’ मोकळ्या जागा धरून ही ६१ चिन्हे होतात. उरलेल्या नवांत महाविद्यालयाच्या गावाचे नाव बसते.