वाळूच्या पोटांतलें पाणी

वैशाख अर्धा सरला आणि विहिरींनीं तळ दाखविला, कीं मराठवाड्यांतील बायका पूर्वीं नदीची वाट धरीत. जालना जिल्ह्यांत पूर्णा, दुधना, कुंडलिका, गिरजा ह्या नद्यांचीं पात्रें त्या दिवसांत पाहणारास निव्वळ कोरडीं दिसत. परंतु वाळू हातभर उकरली कीं खड्ड्याच्या तळाशीं हळूहळू पाणी जमा होई. वाटीवाटीनें तें घागरींत भरावयाचें आणि पुन्हा पाझर येईपर्यंत स्वस्थ बसावयाचें. ह्या खड्ड्यास झिरा म्हणतात. रात्रीं माणसांची वर्दळ थांबली म्हणजे कोल्हा, खोकड, साळिंदर, क्वचित् एखादा लांडगाहि त्याच झिऱ्यावर आपली तहान भागवी.

येथून हजारों मैल दूर, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांत, हाच झिरा हत्ती खणतो. पुढच्या पायानें तो वाळू मागें सारतो, सोंडेनें खड्डा खोल करतो, आणि पाणी पाझरून भरेपर्यंत आपल्याकडील बाईइतक्याच धीरानें उभा राहतो. तो निघून गेला कीं हरणें, डुकरें, वानरें पाळीपाळीनें तेथें येतात. झांबिया, झिंबाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया हे देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथें पाऊस साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पडतो; मे ते ऑक्टोबर हे महिने कोरडे, आणि त्यांतहि ऑक्टोबर म्हणजे तेथला वैशाखवणवा. अनेक नद्या त्या वेळीं केवळ वाळूच्या असतात. मात्र ती वाळू रिकामी नसते. कणाकणांमधील पोकळींत पाणी भरलेलें असतें, आणि वरचा हातभर थर सुकला म्हणजे खालच्या पाण्यास ऊन जवळजवळ लागतच नाहीं. उघड्या तळ्याचें पाणी सूर्य पिऊन टाकतो. वाळूखालचें पाणी तो सहसा गांठूं शकत नाहीं.

हीं अरण्यें पाहण्यास जगांतून प्रवासी येतात, त्यास सफारी म्हणतात. शब्द स्वाहिली असला तरी आपल्या 'सफरी'चा तो सख्खा भाऊ; दोघांचें मूळ अरबी. ह्या प्रवाशांसाठीं अरण्यांत ज्या छावण्या उभारतात, त्यांचें पंचांग सर्वस्वी पाण्यावर चालतें. झांबियांतील लुआंग्वा नदीच्या खोऱ्यांत नॉर्मन कार ह्या गृहस्थानें १९५० सालीं प्रवाशांसाठीं पहिली छावणी घातली. त्या खोऱ्यांतील कित्येक छावण्या आजहि गवत, बोरू आणि बांबू ह्यांच्याच असतात. पावसाळ्यापूर्वीं त्या मोडून ठेवावयाच्या, कारण वाटा चिखलांत बुडतात आणि नदी काठ सोडते. पूर ओसरला कीं पुन्हा नव्यानें बांधावयाच्या. प्रवासी येतात ते मात्र कोरड्या महिन्यांत, आणि जितकी कोरड अधिक तितकी गर्दी अधिक. गवत वाळून नजर दूर पोंचते, रानांतले डबके आटतात, आणि उरल्यासुरल्या पाण्यावर सारीं जनावरें गोळा होतात. प्रवाशाचा आनंद तो जनावराचा अडचणीचा काळ, हें जरा चमत्कारिक खरें. परंतु आपल्याकडे तरी दुसरें काय होतें? ताडोबास वाघ पाहावयाचा तर मे महिन्याच्या भाजणाऱ्या उन्हांतच लोक जातात, आणि पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरें मोजण्याची रात्र बुद्धपौर्णिमेचीच ठरलेली.

ह्या सर्वांत विलक्षण प्रकार बोट्स्वानांतील ओकावांगो नदीचा. ही नदी समुद्रास मिळतच नाहीं; कलहारीच्या वाळवंटांत शिरून पंख्यासारखी पसरते आणि तेथेंच संपते. पाऊस पडतो शेंकडों मैल उत्तरेस, अंगोलाच्या डोंगरांत. जमीन इतकी सपाट कीं तें पाणी उतरत उतरत मौन ह्या गांवापर्यंत येण्यास जून-जुलै उजाडतो. म्हणजे स्थानिक पाऊस संपून सारें रान करपलेलें असतें, नेमका तेव्हां पूर येतो! गेल्या आठवड्यांत जेथें मोटार चालत होती तेथें ह्या आठवड्यांत 'मोकोरो' नांवाची अरुंद होडी चालते, आणि कांहीं छावण्यांवर केवळ लहान विमानानेंच जातां येतें. पूर ओसरतांना ओली राहिलेली जमीन तेथील शेतकरी पेरतात. त्या शेतीस 'मोलापो' म्हणतात. आलेल्या पाण्यापैकीं फारच थोडें पुढें वाहून जातें. बाकीचें उन्हानें आणि झाडापानांनीं आकाशास परत केलेलें असतें.

जालन्याच्या वाचकास हें वर्णन परकें वाटण्याचें कारण नाहीं. पैठणचा नाथसागर भरतो तो मराठवाड्याच्या पावसानें नव्हे. त्र्यंबक-इगतपुरीकडे सह्याद्रीवर धो धो कोसळतें, तेव्हां तो भरतो. जायकवाडीची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री ह्यांनीं बसविली, १९७६ सालीं धरण राष्ट्रास अर्पण झालें, आणि त्याचा २०८ किलोमीटरांचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर ह्या आपल्याच तालुक्यांतून परभणीकडे जातो. हा जलाशय विस्तीर्ण पण उथळ. हिंवाळा सरूं लागला कीं पाणी मागें हटतें, चिखलाचे पट्टे उघडे पडतात, आणि रोहित, पट्टकादंब, करकोचे अशा पाहुण्या पक्ष्यांस तेंच ताट वाढलेलें असतें. १९८६ सालीं सुमारें ३४१ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर झालें, तें ह्यासाठींच. आणि मागें हटलेल्या पाण्याच्या जमिनींत आमचा शेतकरी जें पीक घेतो त्यास गाळपेर म्हणतात; मोलापोचें याहून चपखल भाषांतर होणार नाहीं. दुसऱ्याच्या पावसावर जगणारांचे तंटेहि सारखेच. अंगोला, नामिबिया, बोट्स्वाना ह्यांनीं १९९४ सालीं एक सामाईक आयोग नेमला. आपणांकडे २००५ सालचा कायदा झाला, तरी नाशिक-नगरचीं धरणें आणि जायकवाडी ह्यांमधील वाद दुष्काळी वर्षीं हटकून उभा राहतोच.

असो. मुद्दा आहे तो उन्हाळ्यांत रानांतील जनावरांस पाणी पाजण्याचा.

जालना जिल्ह्यांत नांवाजलेलें अरण्य नाहीं. राज्यांत ज्या जिल्ह्यांत वन अत्यल्प, त्यांत त्याची गणना होते. तरी माळावर काळविटांचे कळप आहेत, ओढ्याकाठीं रोही आहेत, खोकडें-लांडगे आहेत. चिंकाऱ्यासारखें हरीण पाल्यांतील ओलाव्यावर पुष्कळ दिवस काढतें. काळविटास उन्हाळ्यांत पाणी लागतेंच. तें शोधतांना हीं जनावरें हमरस्त्यावर येतात, बिनकठड्याच्या विहिरींत पडतात. २०१२-१३च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि माणसें टँकरची वाट पाहत बसलीं. त्या हालांत रानांतल्या जिवांची आठवण कोणास होणार? आतां मात्र ठिकठिकाणीं सिमेंटचीं टाकीं बांधून टँकरनें भरण्याची प्रथा पडली आहे. तान्हेल्यास पाणी देणें ह्याहून निर्मळ पुण्य तें कोणतें, असें कोणासहि वाटेल. ह्या पुण्याचा अनुभव आफ्रिकेनें आपल्या आधीं घेतला आहे, आणि तो विचार करावयास लावणारा आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानांत १९३०च्या सुमारापासून कूपनलिका खोदून पाणवठे करण्यास आरंभ झाला. पुढें त्यांची संख्या तीनशेंवर गेली. उद्यानाच्या उत्तरेकडील कोरड्या मैदानांत उंच गवत होतें, आणि त्यांत रोन नांवाचें मोठें, दुर्मिळ हरीण राहत असे. पाणी आलें म्हणून झेब्रे आले. झेब्रे आले म्हणून सिंह आले. आणि सिंहांपुढें रोन टिकेना. १९८६ सालीं सुमारें ४५० असलेलीं तीं हरणें १९९३ सालीं ४५च्या आसपास उरलीं! तहानेनें तीं मेलीं नाहींत, पाण्यानें मेलीं. पुढें उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं आपणच खोदलेल्या पाणवठ्यांपैकीं निम्म्याहून अधिक बंद केले. दुष्काळांत आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. पाणवठे जवळजवळ असले कीं जनावरें पांगत नाहींत, आसपासचा चारा समूळ संपवितात, आणि भरल्या पाण्याशेजारीं उपासानें मरतात. शेजारच्या खासगी रानांतून तर पाहुण्यांस ओसरीवरून हत्ती दिसावा म्हणून छावणीपुढेंच पाणवठे केलेले. तेथें ही आपत्ति अधिकच झाली.

मग टाकीं फोडून टाकावयाचीं कीं काय? मला तसें वाटत नाहीं. क्रूगरमध्यें जेथें उन्हाळ्यांत पाणी नव्हतेंच, तेथें माणसानें तें नेलें. झिंबाब्वेंतील ह्वांगे अरण्याची गोष्ट निराळी. १९२८ सालीं तें राखीव झालें तेव्हांपासून बारमाही नदीच्या अभावीं कूपनलिकांवरच तेथील हत्ती पोसले गेले. आज तेथें हत्ती हजारोंनीं आहेत, आणि पंप थांबला तर ते जातील कोठें? आसपास कित्येक ठिकाणीं शेतें, वस्त्या. २०१९च्या अवर्षणांत त्या देशांत दोनशेंवर हत्ती मेले. एकदां लावलेली संवय मोडतां येत नाहीं, हा ह्वांगेचा धडा.

आमची स्थिति तिसरीच आहे. येथें पाणी होतें. तें आपण काढून घेतलें. डोह होते, ते गाळानें भरले. झिरे होते, कूपनलिका इतक्या खोल गेल्या कीं भूमींतील पाण्याची पातळीच त्यांच्या खालीं उतरली. आणि गोदावरी-पूर्णेच्या पात्रांतली वाळू तर ट्रकांत भरून शहरांच्या इमारतींकडे गेली. ढोबळ मानानें वाळूच्या घनफळाचा पाव भाग पाणी धरतो. तेव्हां चार ट्रक वाळू गेली कीं नदीनें साठविलेल्या पाण्याचा एक ट्रक तिच्याबरोबर गेला, आणि पुढच्या प्रत्येक वर्षीं तितकी जागा कमी झाली. हें नुकसान सिमेंटच्या टाक्यानें भरून निघणारें नव्हे. टाकें हें दुखणाइताचें पथ्य आहे. वाळू हें त्याचें रक्त होतें.

म्हणून टाकीं भरावींत, पण बेतानें. तीं रस्त्यालगत नसावींत. एकमेकांपासून दूर असावींत. गांवच्या कुत्र्यांना सहज गांठतां येतील अशा ठिकाणीं तर मुळींच नसावींत. त्यांची एक बाजू उतरती व खरबरीत असावी, म्हणजे आंत पडलेलें खारीसारखें लहान जनावरहि वर येऊं शकेल. पहिला पाऊस पडून ओढे वाहूं लागले कीं टाकें कोरडें करावें, म्हणजे कळप पांगतील आणि त्या जागेच्या गवतास उसंत मिळेल. क्रूगरला जें साठ वर्षांनीं करावें लागलें तें येथें दर मृगास करतां येतें. पडीक विहिरींस कठडे बांधण्याचें काम टाक्यापेक्षां स्वस्त आहे. आणि ज्या गांवाच्या शिवारांत नदीचें एखादें वळण अद्याप वाळूनें भरलेलें असेल, त्या गांवानें तेवढें वळण तरी लिलावांतून वगळण्याचा ठराव ग्रामसभेंत करून तो तहसीलदाराकडे पाठवावा. ह्या कामास पैसा लागत नाहीं, रात्रीं ट्रक अडविण्याची हिंमत मात्र लागते.