ब्रेक दाबला की स्टिअरिंग का थरथरते?



या अंकात ऊस सोडून आम्ही मोटारगाडीवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण अलीकडे गट कार्यालयात लागणीच्या नोंदीसाठी आलेले सभासद बसल्या बसल्या गाडीची तक्रार सांगतात. ती बहुधा एकच असते : "साहेब, गाडी एरवी लोण्यासारखी चालते, पण ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचतं." कोणी अलाइनमेंट केलेले असते, कोणी टायर बदललेले, कोणी टाय रॉडचे एंड बदललेले असतात. पैसे जातात आणि थरथर राहते.

उसाचे पान पिवळे पडले की लगेच युरियाची गोणी आणू नका, हे आम्ही नेहमी सांगतो. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल तर नत्राची कमतरता. तो वरच्या कोवळ्या पानांवर असेल आणि जमीन चुनखडीची असेल, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. गाडीचेही तसेच आहे. आधी लक्षण नीट पाहावे, मग औषध करावे.

आमचा स्वतःचा अनुभव

शहाणपण सांगण्याआधी आमची फजिती सांगतो. पावसाळ्यात आमच्या घरच्या गाडीचे पुढचे डावे चाक पंक्चर झाले. रस्त्यावरच्या एका दुकानात पंक्चर काढले आणि नट मशिनने कडकड आवळून दिले. दोन-अडीच महिने काहीच झाले नाही. पुढे एका रविवारी घरच्यांना घेऊन सप्तशृंग गडावर दर्शनाला गेलो. येताना नांदुरीकडे घाट उतरू लागलो, तर ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले. मागे बसलेली आई म्हणाली, "अरे, गाडीला हुडहुडी भरली का?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण हाताला घाम फुटला होता. एका बाजूला दरी आणि गाडीत चार माणसे होती.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी नेली. तेथे चाकांचे बॅलन्सिंग झाले, टाय रॉडचे एंड बदलले. फरक शून्य. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी चाक काढायच्या आधी नटांना पान्हा लावून पाहिला. दोन नट दगडासारखे आवळलेले होते, एक जवळजवळ ढिला. त्यांनी चाक काढून डिस्कला डायल गेज लावले आणि रोग सापडला. आम्हीच पंक्चरची गोष्ट त्यांना सांगायला विसरलो होतो, कारण तिचा याच्याशी संबंध असेल असे वाटलेच नव्हते.

मूळ कारण काय?

आजच्या बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर लोखंडी तबकडी फिरते, तीच डिस्क. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर पकडही सारखी राहते. कोठे जाड, कोठे पातळ झाली की जाड जागी पकड घट्ट होते आणि पातळ जागी सैल. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरते. म्हणजे सेकंदाला निदान तेवढे धक्के स्टिअरिंगला बसणार. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. वहीचा कागद साधारण मिलिमीटरचा दहावा भाग जाड असतो. त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा फरकसुद्धा काही गाड्यांत हाताला जाणवतो.

मिस्त्री सरसकट "डिस्क वाकली" म्हणतात. खरे पाहता बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी कमी-जास्त झालेली असते. हे दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार आमच्या गाडीचा. नट असमान आवळले, किंवा डिस्क बदलताना हबवरचा गंज, माती साफ केली नाही, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा एकच भाग पॅडला घासतो. घासून घासून तो भाग पातळ होतो. याला हजारो किलोमीटर जातात. म्हणूनच दोष आज होतो आणि तक्रार दोन-तीन महिन्यांनी येते, आणि माणूस दोन्हींचा मेळ घालीत नाही.

दुसरा प्रकार घाटातला. दीड टनाची गाडी ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे १४ लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होऊ शकते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून नुसत्या ब्रेकवर उतरवली तर त्यातली बरीचशी डिस्क आणि पॅडमध्ये जाते. अशा तापलेल्या डिस्कवर, गाडी थांबवून ब्रेक दाबून धरला, तर पॅडचा मसाला त्या जागी चिकटतो. तो ठसा म्हणजेच जाड जागा.

घरच्या घरी निदान

मोकळा, सरळ रस्ता पाहून पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. ब्रेक न दाबताही ठराविक वेगाला, समजा ८० ते १०० च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरते काय? तसे असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग, टायरचा फुगवटा आणि वाकलेली रिम पाहावी. डिस्कला हात लावू नये.

२. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते आणि वेग कमी होईल तशी थरथर संथ होत जाते काय? मग संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा.

३. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पायाखालची जमीन हादरते काय? मग मागची चाके पाहावीत. मागे ड्रम असल्यास तो गोलाईतून गेलेला असू शकतो.

४. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते काय? मग त्या जोडीतला एखादा कॅलिपर अडकला असेल किंवा एका बाजूच्या पॅडला तेल लागले असेल.

५. चिखलात किंवा वाळूवर जोरात ब्रेक दाबला असता पायाखाली टकटक होते, ती एबीएसची असते. तो दोष नव्हे. पाय काढू नये, दाबून ठेवावा.

६. गाडी रात्रभर पावसात उभी होती आणि सकाळी पहिल्या चार ब्रेकपुरतीच खरखर झाली, तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज. आपोआप जातो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचे एंड झिजले असतील तर डिस्कची बारीक थरथरही मोठी होऊन हाताशी येते. चाक उचलून वर-खाली आणि डावे-उजवे हलवून खेळ आहे काय पाहावे. चाक उचलल्यावर खाली भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये, मुलांना तर जवळही येऊ देऊ नये.

गॅरेजात काय सांगावे?

"स्टिअरिंग हलतंय, बघा जरा," एवढेच सांगू नये. कोणत्या वेगाला, ब्रेक दाबल्यावर की एरवीही, आणि शेवटचे चाक कधी काढले होते, हे तिन्ही सांगावे. मग डायल गेजने डिस्कचा वळवळाट आणि मायक्रोमीटरने सात-आठ जागी जाडी मोजायला लावावी. मोजल्याशिवाय भाग बदलू देऊ नये. कमीत कमी किती जाडी चालेल, हे बहुतेक डिस्कवरच कोरलेले असते. त्याहून जाडी पुरेशी जास्त असेल तर लेथवर तासून काम भागते. आमचे तसेच भागले. कमी असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीने बदलाव्यात. हब ब्रशने चकचकीत करून मगच डिस्क बसवावी.

नट नेहमी समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत आणि शेवटचा ताण टॉर्क पान्ह्याने गाडीच्या पुस्तकाप्रमाणे द्यावा. पान्ह्यावर उभे राहून नाचू नये. पंक्चर काढल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी हे आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

घाटासाठी

ज्या गियरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गियरमध्ये उतरावा. वेग इंजिनाने धरावा आणि ब्रेक थोडा वेळ दाबून सोडावा. खाली आल्यावर लगेच ब्रेक दाबून उभे राहू नये. सपाटीला थोडे अंतर सावकाश चालवून डिस्क निवू द्याव्यात. तापलेल्या चाकांवर पाटाचे किंवा विहिरीचे गार पाणी मारू नये. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळले तर पेडल पायाखाली पोकळ जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे.

थरथर ही सुरुवातीची सूचना असते. ती कमी आहे, सवयीची झाली आहे म्हणून कोणी अंगावर काढू नये. कसारा असो, राहूड असो वा गडाचा घाट असो, उतरणाऱ्या गाडीत आपली माणसे असतात. आम्ही त्या दिवशी सुखरूप खाली आलो. पुन्हा तशी परीक्षा द्यायची आमची तयारी नाही, आणि आपल्यापैकी कोणावरही ती वेळ येऊ नये.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी