अलादीनची आई कुठे गेली?

ऑक्टोबर २००९. दिवाळी नुकतीच सरली होती आणि विधानसभेचा गुलालही अजून अंगावरून उतरला नव्हता. २२ तारखेला निकाल लागला, लातूर शहरातून अमित देशमुख पहिल्यांदाच आमदार झाले. बरोबर आठ दिवसांनी, ३० तारखेच्या शुक्रवारी, त्यांचे धाकटे बंधू रितेश पडद्यावर जादूचा दिवा घेऊन आले. सिनेमाचं नाव ‘अलादीन’. बाभळगावच्या देशमुखांचा मुलगा नायक, जिन म्हणून अमिताभ बच्चन, खलनायक संजय दत्त, श्रीलंकेची सौंदर्यवती जॅकलिन फर्नांडिस पहिल्यांदाच हिंदी पडद्यावर आणि गाणी विशाल-शेखर यांची. लेकराबाळांना घेऊन थेटरात जायला एवढं पुरे होतं.

सिनेमा पडला. त्याच दिवशी सलमान खान आणि अजय देवगण यांचा ‘लंडन ड्रीम्स’ लागला होता, तोही फारसा चालला नाही. पुढच्या शुक्रवारी ‘अजब प्रेम की गजब कहानी’ आला आणि कॉलेजची पोरं तिकडे वळली. पण एखादा सिनेमा समोरच्या सिनेमामुळे पडला, हे कारण निर्मात्याच्या सोयीचं. तीनशे वर्षं जगभर चाललेली गोष्ट हातात, पैसा आहे, तारे आहेत, गाणी आहेत, तरी ती बसत का नाही?

उत्तर शोधायला मूळ गोष्टीकडे जावं लागतं. गंमत अशी की अल्लादीनची गोष्ट ‘अरबी रात्रीं’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हतीच. आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने १७०४ पासून या कथांचं भाषांतर छापायला घेतलं. पुढे त्याच्याकडच्या गोष्टी सरत आल्या. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला हन्ना दियाब नावाचा अलेप्पोचा एक तरुण भेटला, आणि त्याने तोंडी सांगितलेल्या गोष्टींमध्ये ही एक होती. ती घडते चीनमध्ये. तीन वरांची मर्यादा तिच्यात नाही. अंगठीचा एक आणि दिव्याचा एक असे जिन मात्र दोन आहेत.

पण खरी जागा पुढे आहे. अल्लादीन हा शिंप्याचा उनाड पोरगा. त्याच्या काळजीने बाप खंगून मेलेला, आई सूत कातून घर चालवते. भुयारातून कसाबसा सुटून पोरगा घरी येतो तेव्हा घरात खायला दाणा नाही. आई म्हणते, कातलेलं सूत विकून काहीतरी आणते. तो म्हणतो, सूत राहू दे, हा दिवा विकू. दिवा मळलेला, जरा लख्ख केला तर चार पैसे जास्त येतील, म्हणून आई वाळू आणि पाणी घेऊन तो घासायला बसते. धिप्पाड जिन उभा राहतो आणि ती बिचारी बेशुद्ध पडते. पोरगा दिवा हातात घेतो आणि पहिली मागणी करतो ती जेवणाची. महाल नाही, राजकन्या नाही. जेवण चांदीच्या ताटांत येतं. मायलेक जेवतात आणि पुढे कित्येक दिवस ती ताटं एकेक करून विकत संसार चालवतात. घेणारा व्यापारी फसवतो, तेही यात आलंच. नंतर राजकन्येला मागणी घालायला हीच आई रत्नांचं गाठोडं घेऊन सुलतानाच्या दरबारात जाते आणि कुणी विचारेपर्यंत रोज जाऊन मुकाट उभी राहते. तहसीलच्या दारात अशा किती आया उभ्या असतात, ते लातूरच्या वाचकाला सांगायला नको.

म्हणजे चमत्काराच्या आधी भूक आहे. ती खरी वाटली की तिच्या मागून येणारा जिनही खरा वाटतो.

आता दिग्दर्शक सुजॉय घोष यांचा ‘अलादीन’ बघा. ख्वाइश नावाचं काल्पनिक शहर, आपल्या भाषेत आटपाट नगर. नायक अनाथ, म्हणजे आई गोष्टीतून पहिल्याच फटक्यात बाद. त्याचं दुःख काय, तर नाव अलादीन म्हणून कासिम आणि त्याची टोळी लहानपणापासून त्याला दिवे घासायला लावते. कल्पना चांगली आहे, नाकारत नाही. (कासिम हा खरं तर अलीबाबाचा भाऊ, तो इथे कसा आला ते लेखकालाच ठाऊक.) पण खरा दिवा त्याला मिळतो तो नायिका जॅस्मिनकडून भेट म्हणून. गरजेपोटी काहीच घडत नाही. उलट गरज आहे ती जिनला. ‘जीनियस’ नावाच्या या जिनची नोकरी संपत आलेली, तीन वर दिले की तो सुटला, म्हणून तोच पोराच्या मागे लागतो की बाबा रे, काहीतरी माग. ज्याला काही मागायचंच नाही त्याच्या गोष्टीत आपण जीव कुठे गुंतवायचा?

मग ती पोकळी भरायला उरतात गाणी, दृक्चमत्कार आणि रॉकस्टारच्या थाटातले अमिताभ. त्यांची हौस दिसते, त्या वयातली ताकदही दिसते. मात्र तमाशाच्या फडावर प्रेक्षकाला रंगबाजी कुठे संपते आणि वग, म्हणजे कथा, कुठे सुरू होते ते बरोबर कळतं. माळेगावच्या यात्रेत तंबूत बसलेल्या माणसाला विचारा. रंगबाजीत फर्माईश चालते, सिनेमाची गाणी चालतात, कथेशी इमान राखायची सक्ती नसते. पण वग लागला की राजाला काय हवं आणि त्याच्या वाटेत कोण आडवं येतंय हे लवकर उमगावं लागतं, नाहीतर तंबू रिकामा व्हायला वेळ लागत नाही. ‘अलादीन’ ही दोन तासांहून लांबलेली रंगबाजी होती. वग उभाच राहिला नाही.

आई काढून टाकायची ही खोड एकट्या घोष यांची नाही. डिस्नेच्या १९९२ च्या कार्टूनपटात आधी अल्लादीनला आई होती. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन यांनी तिच्यासाठी मुलाच्या तोंडी एक गाणंही लिहिलं होतं. तुला अभिमान वाटेल असं काहीतरी करून दाखवीन, हा त्याचा आशय. कथेतून आई वगळली तसं ते गाणंही गेलं. अ‍ॅशमन १९९१ मध्ये वारले. ते गाणं पुढे २०१४ च्या ब्रॉडवे नाटकात परत आलं. डिस्नेचा सिनेमा तरीही चालला, कारण तिथलं प्रत्येक गाणं काहीतरी काम करतं. जिनच्या पहिल्याच गाण्यात त्याचा स्वभाव कळतो, आणि उडत्या गालिच्यावरचं गाणं संपेपर्यंत दोघं प्रेमात पडलेली असतात. गाणं काढलं तर कथेला भोक पडतं. आपल्या ‘अलादीन’मधली गाणी काढली तर सिनेमा थोडा लवकर संपेल, एवढंच.

गरजेसारखीच इच्छेची किंमतही गोष्टीतून काढता येत नाही. याच डिस्नेने २०१४ मध्ये ‘इन्टू द वूड्स’ काढला. स्टीफन सॉन्डहाइम आणि जेम्स लपाइन यांचं १९८७ चं मूळ नाटक सिंड्रेला, जॅक, लाल टोपडीवाली, रपुंझेल या सगळ्यांना एका जंगलात आणतं. पूर्वार्धात प्रत्येकाची इच्छा पुरी होते, उत्तरार्धात तिची किंमत वसूल होते. पडद्यावर ही किंमतच कमी केली. नाटकात मरणारी रपुंझेल सिनेमात राजपुत्राबरोबर निघून जाते. मेरिल स्ट्रीपसारखी चेटकीण असूनही उत्तरार्ध ढिला पडतो तो इथेच. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांना हे व्यवहारज्ञान पक्कं आहे. वसा घेतला तर उतायचं नाही, मातायचं नाही, आणि मातलात तर आलेलं सगळं जातं. अट नसलेला वर म्हणजे फुकट वाटलेलं सामान.

सुजॉय घोष यातून काही शिकले असावेत. २०१२ च्या ‘कहानी’त त्यांनी मायानगरी बांधली नाही. नवरा शोधत कोलकात्यात हिंडणारी एक गरोदर बाई घेतली आणि तिला काय हवंय ते सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रितेशनेही पुढे मराठीत पाय रोवले. ‘लई भारी’ २०१४ मध्ये आला, भा. रा. भागवतांच्या बालवाचकांचा लाडका ‘फास्टर फेणे’ त्याने निर्माता म्हणून २०१७ मध्ये पडद्यावर आणला आणि २०२२ अखेरीस ‘वेड’ स्वतः दिग्दर्शित केला. तो विनोदाचा उत्तम नट आहे आणि बुजऱ्या पोराचं काम त्याने ‘अलादीन’मध्येही मन लावून केलं होतं. दोष नटाचा नव्हता.

सुट्टीत लेकरांना हा सिनेमा दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, घटकाभर करमणूक होईल. पण आधी गोष्ट वाचून दाखवा. अरबी सुरस कथांची मराठी पुस्तकं बाजारात ढिगाने आहेत. घेताना अल्लादीनचं पान उघडून एवढंच बघा, दिवा घासणारी आई त्यात आहे का. नसेल तर दुसरी प्रत मागा.