सेवेची सवड

२०२० च्या मार्चअखेर नागपूर–हैदराबाद महामार्गावरून माणसांचा लोंढा चालत होता. टाळेबंदी लागली, कामे थांबली, खोलीचे भाडे देववेना, तेव्हा तेलंगणातले मजूर डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर घेऊन पायीच उत्तरेकडे आपापल्या गावी निघाले. यवतमाळ जिल्ह्यातले करंजी त्यांच्या वाटेवर लागायचे. ढाबे बंद, दुकाने बंद, पुढे कितीतरी मैल पोटात काही पडेल याची खात्री नाही. तिथे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली चूल पेटलेली असायची. सकाळी चहा आणि बिस्किटे, दुपारी डाळ-भात आणि बटाट्याची भाजी. सगळा कारभार ८१ वर्षांचे बाबा करनैलसिंग खैरा पाहत होते. पहिल्या दहा आठवड्यांत वीस लाखांवर लोक तिथे जेवले किंवा शिदोरी घेऊन पुढे गेले, असे त्या वेळच्या बातम्यांत छापून आले होते.

या बातमीतली एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटली. ती चूल टाळेबंदीत मांडलेली नव्हती. जवळच्या रानातल्या गुरुद्वाराशी जोडलेला हा लंगर १९८८ पासून तिथे चालू होता. नांदेडला जाणारे-येणारे भाविक, ट्रकवाले, आसपासचे आदिवासी, कोणीही यावे आणि जेवून जावे. भांडी होती, सरपण होते, धान्य कुठून येणार हे ठरलेले होते आणि वाढणाऱ्या हातांना सवय होती. संकट आले तेव्हा फक्त पातेली मोठी झाली.

लोक दुसऱ्याची सेवा का करतात, या प्रश्नाचे उत्तर आपण एरवी माणसाच्या मनात शोधतो. दया, करुणा, पुण्याची आस, देवाची भीती यांचा हिशेब मांडतो. ते चूक नाही. पण मला वाटते, श्रद्धेचे सेवेतले खरे काम थोडे निराळे आहे. श्रद्धा माणसाला सवड काढून देते. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक काम तुझे, असे ठरवून ठेवते. माणूस तिथे पोचला, त्याने हात कामाला लावले, की भावना बहुधा मागून येते.

असे वाटण्याला एक जुना प्रयोग कारण आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे पाद्री होण्याचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. काहींचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोन्याची गोष्ट. लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाजवळून धर्मोपदेशक तसाच निघून जातो आणि परका, तुच्छ मानलेला वाटसरू थांबतो, ती गोष्ट. बाकीच्यांचा विषय साधा, नोकरीधंद्याचा. वाटेत एका गल्लीत एक माणूस दाराशी कोसळून खोकत, कण्हत पडलेला होता. त्याला मुद्दाम तिथे बसवले होते. कोण थांबले? ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते, त्यांच्यातले ६३ टक्के. उशीर झालाय, पळा, असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. थांबणाऱ्यांची गोष्ट सांगायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले.

ती मुले काही दुष्ट नव्हती. त्यांच्याकडे सवड नव्हती, निदान त्यांना तसे वाटत होते. आपल्यापैकी बहुतेकांची रोजची अवस्था हीच असते.

आता शेगावला जाऊ. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावात २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, ते एका जेवणावळीनंतर बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली. आज तिथे येणाऱ्याच्या मनात दर्शनाइतकीच ठसते ती तिथली सेवा. चपला सांभाळणारे, फरशी पुसणारे, रांगेत पाणी देणारे, भोजनगृहात ताटे उचलणारे यांत पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी जागोजागी भेटतात. त्यांना पगार नाही. कोणी आपखुशीने दहा-वीस रुपये पुढे केले, तर ते हात जोडतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात.

चपलांच्या खिडकीशी थोडा वेळ उभे राहून पाहावे. पावसाळ्याचे दिवस असतात, चपला चिखलाने लडबडलेल्या. पलीकडचा माणूस त्या दोन्ही हातांनी घेतो आणि जोडी जुळवून फळीवर ठेवतो. तो आपल्या गावी शेतकरी असेल, शाळामास्तर असेल, सरकारी कचेरीतला साहेब असेल. चपला देणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नाही, आणि नसण्यातच त्या जागेची सोय आहे. ज्याच्यापुढे एरवी लोक उठून उभे राहतात, त्याला इथे कोणी ओळखत नाही. हा विसावा पुष्कळांना हवा असतो, पण मागायचा कुणाकडे?

या सेवेला नंबर लागतो. मनात आले म्हणून उद्या जाऊन झाडू हातात घेता येत नाही. नाव नोंदवावे लागते, वाट पाहावी लागते, ठरलेल्या तारखांना हजर राहावे लागते. म्हणजे घरी पेरणी-काढणीची वेळ सांभाळून, रजा मांडून, मुलांच्या परीक्षा बघून तो आठवडा आधीच बाजूला काढलेला असतो. प्रिन्स्टनच्या त्या गल्लीत जे नव्हते, ते इथे आधीच राखून ठेवलेले आहे. पुष्कळदा गावातून गटच येतो. भजनी मंडळातले आठ-दहा जण एकदम. त्यातला एखादा फक्त मित्र चाललेत म्हणून आलेला असतो.

त्याला कमी लेखू नये. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या धार्मिक जीवनावर मोठा ग्रंथ लिहिला. नेमाने प्रार्थनेला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त दानधर्म आणि स्वयंसेवा करतात, हे त्यांना आढळले. पुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. कोणाची श्रद्धा किती गाढ, यापेक्षा प्रार्थनास्थळात त्याची किती माणसांशी मैत्री आहे, यावर ते अवलंबून होते. एकटा राहून मनोभावे भक्ती करणारा कमी येतो. 'चल रे' म्हणणारा सोबती असलेला जास्त येतो.

सेवेकऱ्याला विचारले, का येता, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: 'महाराज करून घेतात.' जरा वेळ बसून बोलले की बाकीचे उलगडते. कोणी नवस फेडायला आलेला असतो, कोणी दुखण्यातून उठलेला. कोणाची बायको गेली आहे आणि निवृत्तीनंतरचे घर खायला उठते. स्वयंसेवकांच्या प्रेरणांवर काम करणारे क्लॅरी, स्नायडर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये अशा सहा प्रेरणा मांडल्या. त्यांत मूल्यांवरची निष्ठा आहे, तशी शिकण्याची ओढ, माणसांची सोबत आणि स्वतःच्या दुःखातून सुटकाही आहे. एका माणसात या दोन-तीन तरी एकत्र नांदतात. हेतू पूर्ण निर्मळ असेल तरच सेवा खरी, असा हट्ट धरला तर जगातली निम्मी पंगत उपाशी उठेल.

शीख परंपरेने हे फार आधी ओळखले आहे. गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांनी लंगर सांभाळला, आणि त्या कामासाठी त्यांचे नाव ग्रंथसाहिबात आले. गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग भेट असा दंडक घातला. भेटायला आलेला कोणीही असो, आधी खाली बसून सगळ्यांसोबत जेवायचे. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात आज रोज पन्नास हजारांवर लोक जेवतात, सणावाराला लाखावर. तिथे भांडी घासणे, जोडे पुसणे ही भक्तांनी आवडीने मागून घेतलेली सेवा आहे. आणि अकाल तख्त हे शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ एखाद्याला धर्माच्या आचाराचा भंग केल्याबद्दल 'तनखैया' ठरवते, तेव्हा त्याला शासन म्हणूनही पुष्कळदा हेच काम देते, मग तो राजकारणातला कितीही मोठा असो. एकाच हौदावर एक जण आनंदाने भांडी घासतो आणि दुसरा प्रायश्चित्त म्हणून. ताट दोघांच्याही हातून स्वच्छ होते.

आपल्या वारीत सेवेला चौकटही नाही आणि कचेरीही नाही. तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोर करून यवतला मुक्कामाला येते, त्या दिवशी सबंध गावाचा बेत एकच असतो: पिठले आणि भाकरी. पिठले भैरवनाथाच्या देवळात मोठाल्या कढयांमध्ये शिजते. भाकरी मात्र घरोघरी थापल्या जातात आणि चवडीच्या चवडी देवळात आणून दिल्या जातात. ज्या बाईने पंचवीस भाकरी थापल्या, तिच्या भाकरी कोणाच्या ताटात पडल्या हे तिला कधीच कळत नाही. वारीच्या वाटेवर चांभार चपलांचे तुटलेले अंगठे शिवून देतात, नाभिक दाढ्या करतात, डॉक्टर पायाच्या फोडांना मलमपट्टी करतात. अलीकडे महाविद्यालयांतली मुले फिरत्या शौचालयांच्या व्यवस्थेत उभी राहतात, आणि मला तर या सगळ्यांत तेच काम थोर वाटते. पिठल्याचा फोटो काढायला सगळे येतात. पहाटेच्या अंधारात म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून शौचालयापर्यंत नेणाऱ्या पोराचा कोणी काढत नाही. सेवा घेणारा सेवा करणाऱ्याच्या पाया पडतो, करणारा घेणाऱ्याच्या, आणि दोघेही एकमेकांना 'माउली' म्हणतात. उपकाराचे ओझे तिथल्या तिथे उतरते.

पण श्रद्धेने काढून दिलेली ही सवड सगळ्यांसाठी असते का? इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि 'वाटचाल' हा लेख त्यांनी लिहिला. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसत होती, ही खंत त्यांनी त्यात नोंदवली. पंढरपुरात तर अस्पृश्य वारकरी शतकानुशतके देवळाबाहेर राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा विठ्ठलाचे दार उघडले. भाकरी देणारा हात आणि दार लावणारा हात एकाच समाजाचे होते. सेवेचे गोडवे गाताना हे सांगायचे टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

ज्याने ही गाठ सोडवली, तो माणूस अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म १८७६ चा. गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, सकाळी पुढची वाट धरायची. पाया पडू द्यायचे नाहीत. पंढरीला जायचे, पण देवळात न जाता बाहेरच यात्रेकरूंच्या सेवेत राहायचे. यात्रेला आलेल्या अस्पृश्यांना पंढरपुरात राहायला जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी लोकवर्गणीतून चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. पुढे १९४९ मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. उतारूंची धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या कामी येणार होती, आणि आपले नाव त्यावर राहावे असे त्यांना वाटले नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्याच महिन्याच्या २० तारखेला गाडगेबाबा गेले.

सेवेची जागा देवळाजवळून दुखण्याजवळ नेण्याचे काम त्यांनी केले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली ती त्याच दृष्टीतून. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांच्यासोबत आलेली माणसे तिथे राहतात. केमोच्या दोन खेपांमध्ये गावी परत जाणे परवडत नाही आणि मुंबईत खोली घेणे तर त्याहून नाही. अशा माणसाला पाठ टेकायला जागा मिळते, पोटाला अन्न मिळते. वारी वर्षातून एकदा येते, हे दुखणे रोजचे आहे.

म्हणून एक गोष्ट मनापासून मांडावीशी वाटते. आपल्याकडे संस्थाने आहेत, सेवेसाठी नंबर लावून थांबलेली माणसे आहेत. दुसरीकडे जिल्हा रुग्णालयांत एक्स-रेची खोली कुठे हे सांगायला कोणी नसते, सलाइन लावलेल्या एकट्या म्हातारीला घोटभर पाणी पाजायला कोणी नसते. केरळात हे जमले आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशामक उपचारांचे काम सुरू झाले, आणि २००१ च्या सुमारास मलप्पुरम आणि आसपासच्या भागात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. अट साधी होती: आठवड्याला दोन तास द्यायचे आणि आधी थोडे प्रशिक्षण घ्यायचे. त्या स्वयंसेवकांत दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी, मजूर असे सगळे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या घरी ते जातात, जखम धुतात, औषधे संपली का पाहतात, घरात तांदूळ आहे की नाही हेही पाहतात.

आठवड्याचे दोन तास शेगावला नंबर लावणाऱ्याला जड नाहीत. संस्थानाने नावे नोंदवून घ्यावीत, तारखा द्याव्यात, आणि झाडू किंवा चपलांच्या खिडकीसारखेच रुग्णालयातले एखादे ठरावीक काम नेमून द्यावे. नेमणूक संस्थानाकडून आली तर माणूस ती महाराजांनी दिली असेच मानेल, आणि रजा मांडून येईल. डॉक्टरांनी मात्र एक पाहायला हवे. त्याला केसपेपरच्या खिडकीशी नुसते उभे न करता पहिल्या दिवशीच एका रोग्याच्या खाटेशी नेऊन बसवावे.