हाडमोड्या ताप आणि होमिओपॅथीची गोळी

ज्या तापांत हाडें मोडल्यासारखीं दुखतात त्याला आपले लोक हाडमोड्या ताप म्हणतात. डॉक्टरांचा डेंग्यू तो हाच. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत त्याचें मूळ पुष्कळदां घरांतच असतें. नळ रोज येत नाहीं, म्हणून रांजण, हौद, पिंपें भरून ठेवावीं लागतात, आणि एडीस डांसाची मादी अशाच स्वच्छ, सांठविलेल्या पाण्याच्या कडेला अंडीं घालते.

या तापावर होमिओपॅथींत युपॅटोरियम परफोलिएटम् देतात. हें उत्तर अमेरिकेंतील पांढऱ्या फुलांचें झुडूप. त्याचीं समोरासमोरचीं पानें बुडाशीं जुळलेलीं असल्यामुळें खोड त्यांतून आरपार गेल्यासारखें दिसतें. तेथील लोक त्याचा कडू काढा तापांत घेत. परंतु काढा निराळा, गोळ्या निराळ्या. तीस शक्तीच्या औषधांत मूळ अर्क दर खेपेस शंभरपट, असा तीस वेळां पातळ केलेला असतो. रसायनशास्त्राच्या हिशेबानें बाराव्या खेपेच्या सुमारासच वनस्पतीचा शेवटला रेणु संपतो! बहुतेकांचा ताप आठवड्याभरांत आपोआप उतरतो, आणि यश मात्र गोळीला मिळतें.

खरा धोका ताप उतरूं लागल्यावर असतो. तेव्हां पोटांत तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त असें कांहीं दिसल्यास गोळीच्या गुणाची वाट न पाहतां रुग्णास अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरीन मुळींच देऊं नये. त्यानें रक्तस्राव वाढतो.

हौद आठवड्यांतून एकदां रिकामा करावा. अंडीं भिंतींना चिकटतात, म्हणून तो घासून कोरडा करावा. पाणी ओतून देणें आपल्याकडे जिवावर येतें, हें मी जाणतों. तें झाडांना घालावें.